जुनं घर घेताय? टोकन द्यायच्या आधी डिटेल स्ट्रक्चरल सर्वे कसा करून घ्यायचा

जुनं घर बघायला गेलो की आपण खोल्या किती, उजेड कसा येतो, किचन केवढं हेच बघत बसतो, आणि घर आवडलं की मनातल्या मनात सोफा कुठे ठेवायचा तेही ठरवून टाकतो. मग भिंतीत चीर दिसली तरी "जुनं घर आहे, एवढं चालायचंच" असं आपणच आपली समजूत घालतो. ती चीर खरंच चालणारी आहे का हे तुम्हाला, मला, एजंटला कुणालाच नुसतं बघून सांगता येत नाही, त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनियर लागतो. आम्ही जुनं घर घेताना हे सगळं केलं, तेव्हा एका जागी सरळ लिहिलेलं काहीच मिळालं नव्हतं, म्हणून पहिल्यापासून क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढे ती परत परत येणार आहे. सर्वे किती चांगला झाला हे इंजिनियरला काय काय बघायला मिळालं यावर ठरतं. कितीही हुशार माणूस आणा, कपाटामागची भिंत, फॉल्स सीलिंगच्या वरची स्लॅब आणि कुलूप लावलेली खोली त्याला दिसली नाही तर तो त्याबद्दल काहीच लिहू शकत नाही. फी भरणं सोपं आहे, खरं काम घर उघडून दाखवायला लावण्याचं आहे आणि ते तुम्हालाच करायचंय.

१. कोणता सर्वे हवाय ते आधी क्लिअर करा

इथेच पहिला घोळ होतो. तीन वेगळ्या गोष्टींना लोक "सर्वे झाला" म्हणतात.

पहिली म्हणजे बँकेचं व्हॅल्युएशन. लोन देताना बँक माणूस पाठवते, तो बघतो की घर विकून बँकेचे पैसे वसूल होतील का. तो बँकेसाठी आलेला असतो, तुमच्यासाठी नाही. बऱ्याचदा थोडा वेळ फिरतो, फोटो काढतो, निघतो. बँकेने लोन मंजूर केलं म्हणजे घर मजबूत आहे असं समजून कितीतरी लोक निवांत होतात, प्लीज तसं करू नका.

दुसरी म्हणजे साधं इन्स्पेक्शन. नळ, खिडक्या, रंग, ओल, वायरिंग वरवर बघून लिस्ट देतात. नव्या, साध्या घराला ते पुरतं.

तिसरी म्हणजे डिटेल स्ट्रक्चरल सर्वे, जो आपल्याला हवाय. यात पाया, भिंती, कॉलम, बीम, स्लॅब, छप्पर, जिना, बाल्कनी हे सगळं तपासून दोष काय, तो कशामुळे आला, वाढतोय का, आणि काय करावं लागेल हे लेखी मिळतं. ब्रिटनमध्ये सर्वेअरच्या आरआयसीएस या संस्थेने घराच्या सर्वेच्या तीन लेव्हल ठरवल्यात, त्यातली लेव्हल ३ ही जुन्या किंवा बऱ्याच फेरफार झालेल्या घरांसाठीची. तुमच्याकडे नाव काहीही असो, मागताना या तिसऱ्या प्रकाराचंच काम मागा, आणि फोनवर "सर्वे करता का" असं मोघम विचारू नका. "दोषाचं कारण आणि दुरुस्तीची पद्धत रिपोर्टमध्ये लिहून देता का" असं विचारा, उत्तरावरून समोरचा काय काम करतो ते लगेच कळतं.

२. इंजिनियर बोलवायच्या आधी स्वतः एकदा फिरून या

याचा उद्देश दोष शोधणं नाही, प्रश्न गोळा करणं हा आहे. सोबत टॉर्च, टेप, मोबाईल, पेन्सिल, एक छोटा ओळंबा आणि लहान मुलं खेळतात ती काचेची गोटी घ्या. जमलं तर पाऊस पडून गेल्यावर लगेच जा, कोरड्या दिवसात लपणारी निम्मी ओल तेव्हा दिसते.

बघायचं काय तर सगळे दरवाजे खिडक्या उघडून बंद करा. कुठला दरवाजा अडकतो, कुठल्या चौकटीच्या वर एका बाजूला तिरकी फट आहे ते लिहून घ्या. फरशीवर गोटी ठेवा, एकाच दिशेला पळत असेल तर कुठल्या खोलीत ते नोंदवा (बाथरूमचा उतार सोडून). भिंतीच्या वरच्या टोकापासून ओळंबा सोडा आणि वर खाली अंतर मोजा. बाहेरून पूर्ण चक्कर मारा, लोक घर आतूनच बघतात आणि खरी गोष्ट बाहेरच्या भिंतीवर असते. झाडं भिंतीपासून किती लांब आहेत, पावसाचं पाणी कुठे जातं, ड्रेनेजचे चेंबर कुठे आहेत, बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच झालीये का तेही बघा.

एकाच भिंतीला नवीन रंग आणि बाकी घर जुनं असेल तर त्या भिंतीचा आवर्जून फोटो काढा. विकायच्या आधी रंग लावणं यात गैर काही नाही, पण एकच भिंत का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

३. माणूस कसा निवडायचा

स्ट्रक्चरल इंजिनियर हवा, म्हणजे स्ट्रक्चरल विषयात शिकलेला, रजिस्टर्ड, आणि मुख्य म्हणजे जुन्या बांधकामावर काम केलेला. नव्या टॉवरची डिझाइनं करणारा माणूस चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीबद्दल बरोबर सांगेलच असं नाही. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये घेतलं आणि घराघरात ते यायला पुढे बराच काळ गेला, त्यामुळे खूप जुनं घर असेल तर ते चुन्यात असण्याची शक्यता मोठी. चुन्याची भिंत ओलावा आत घेते आणि बाहेर सोडते, तिच्यावर कुणी सिमेंटचा गिलावा मारला की ओलावा आतच अडकतो आणि भिंत आतून खराब होत जाते. हे माहीत नसलेला माणूस "सिमेंट प्लास्टर करून घ्या" असाच सल्ला देऊन जाईल.

काही गोष्टी टाळाच:

- एजंटने किंवा मालकाने सुचवलेला माणूस. तो प्रामाणिक असेलही, पण त्याचं पुढचं काम तुमच्याकडून येणार नसतं.
- वॉटरप्रूफिंग किंवा पेस्ट कंट्रोलवाल्यांचा फ्री सर्वे. त्यांना जे विकायचं असतं तोच दोष त्यांना सापडतो.
- "फोटो पाठवा, बघून सांगतो" म्हणणारा.
- मालकाने आधीच करून ठेवलेला रिपोर्ट. जरूर वाचा, इंजिनियरलाही द्या, पण त्यावर सौदा करू नका. त्या इंजिनियरची जबाबदारी मालकाशी असते, तुमच्याशी नाही.

दोन तीन जणांशी बोला, जुन्या कामाचा एखादा रिपोर्ट नावं झाकून दाखवायला सांगा. चांगल्या रिपोर्टमध्ये फोटो असतात, प्रत्येक फोटो नेमका कुठला ते लिहिलेलं असतं आणि वाक्यं स्पष्ट असतात. प्रोफेशनल इन्शुरन्स (सल्ला चुकला तर भरपाईसाठीचा विमा) आहे का तेही विचारा, विचारायला लाजू नका.

४. काम काय होणार ते लेखी ठरवा

हे मेलवर असलं तरी चालेल पण लेखी पाहिजे. कुठले भाग बघणार, छपरावर चढणार का, माळ्यावर जाणार का, ड्रेनेजचे चेंबर उघडणार का, टेस्ट फीमध्ये धरल्यात का वेगळ्या, रिपोर्ट किती दिवसात, आणि रिपोर्ट समजावून सांगायला नंतर फोनवर वेळ देणार का. रिपोर्ट तुमच्या नावाने काढायचा हे पण त्यात येऊ द्या.

बहुतेक स्ट्रक्चरल इंजिनियर वायरिंग, गॅस, लिफ्ट, आतलं प्लंबिंग बघत नाहीत, ती वेगळी माणसं. जुन्या घरात कापडी किंवा रबरी आवरणाच्या वायरी आणि अर्थिंग नसणं हा मोठाच विषय असतो, त्यामुळे इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलावलंत तर मालकाला दोनदा त्रास होत नाही.

५. कागद जमा करा

हे सर्वेच्या आधी इंजिनियरच्या हातात पडले पाहिजेत, नंतर देऊन अर्धा उपयोग जातो.

- मंजूर नकाशा आणि बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला
- स्ट्रक्चरल ड्रॉइंग, मिळाली तर फारच उत्तम
- नंतर काही वाढवलं, पाडलं असेल तर त्याच्या परवानग्या
- आधीच्या दुरुस्तीची बिलं, वॉटरप्रूफिंग आणि वाळवीच्या ट्रीटमेंटचे गॅरंटी पेपर
- आधीचे सर्वे रिपोर्ट, इन्शुरन्स क्लेम झाला असेल तर त्याचे कागद
- फ्लॅट असेल तर बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये दुरुस्तीवर काय चर्चा झाली त्याच्या नोंदी

मंजूर नकाशा का एवढा महत्त्वाचा ते सांगतो. नकाशात जिथे भिंत आहे तिथे आता मोठा हॉल असेल तर भिंत कुणीतरी काढलीये. लोडबेअरिंग घरात, म्हणजे जिथे कॉलम बीम नसून भिंतीच वजन घेतात तिथे, अशी भिंत काढली आणि वर नीट बीम टाकला नाही तर वरच्या मजल्याचं वजन भलतीकडेच जातं. तसंच नकाशात नसलेला वरचा मजला, गच्चीवर नंतर ठेवलेली टाकी. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन झालं, टाकीचं वेगळंच, आणि ते स्लॅबच्या मधोमध ठेवलंय का खाली भिंत किंवा कॉलम आहे यावर सगळं अवलंबून.

बिलं पण नीट वाचा. एकाच बाथरूमचं वॉटरप्रूफिंग थोड्या थोड्या वर्षांनी परत परत झालेलं दिसलं तर मूळ लिकेज कधीच सापडलेलं नाही असं समजायला हरकत नाही.

६. मालकाकडून घर उघडून घ्या

इथे लोक संकोच करतात आणि नुकसान करून घेतात. सर्वेच्या काही दिवस आधी मालकाला किंवा एजंटमार्फत लेखी कळवा की अमुक दिवशी हे हे लागेल: सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या, माळ्याचं दार, गच्ची, भिंतीला लागून असलेली कपाटं शक्य तेवढी पुढे सरकवलेली, फॉल्स सीलिंगचा एखादा पॅनल काढायची परवानगी, बाहेरचे चेंबर उघडायची परवानगी, चालू पाणी आणि लाइट. प्लास्टर थोडं खरवडायचं किंवा ड्रिल करायचं असेल तर त्याची परवानगी वेगळी घ्या आणि नंतर बुजवून देऊ असं स्वतःहून सांगा, त्याने मालक पुष्कळ मवाळ होतो.

आमच्या वेळी बेडरूममधलं एक जड कपाट मालक हलवायला तयार नव्हते, "मागे काही नाही, साधी भिंत आहे" म्हणत होते. इंजिनियरने शांतपणे सांगितलं की मग मी ही भिंत बघितली नाही असं लिहितो. शेवटी चौघांनी धरून कपाट पुढे ओढलं. मागे खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून फरशीपर्यंत तिरकी चीर होती, त्यात एकदा पांढरी पुट्टी भरलेली, त्याच्यावर नंतर कधीतरी करडं सिमेंट भरलेलं, आणि त्या दोन्हींच्या मधून परत एक बारीक फट गेलेली. इंजिनियरने त्यात चीर मोजायची पारदर्शक पट्टी लावली, फोटो काढला आणि लगेच बाहेर त्याच भिंतीकडे गेला. तिथे खाली ड्रेनेजचा चेंबर होता आणि भोवतीची माती बसलेली होती. भरलेली चीर परत उघडली म्हणजे हालचाल थांबलेली नाही, आणि गळक्या पाइपने पायाखालची माती वाहून जात होती हे पुढे पाइपमध्ये कॅमेरा घालून बघितल्यावर नक्की झालं. कपाट तिथेच राहिलं असतं तर ही गोष्ट रिपोर्टमध्ये आलीच नसती.

मालक काहीही उघडायला तयारच नसेल तर भांडू नका, पण तेवढा भाग "खराब असू शकतो" असं धरूनच किमतीचा विचार करा.

७. सर्वेच्या दिवशी स्वतः हजर राहा

मध्ये मध्ये प्रश्न विचारून त्याला अडवू नका, पण सोबत फिरा, शेवटी वेळ मागून घ्या. बोलताना इंजिनियर जे मोकळेपणाने सांगतो त्यातलं बरंच रिपोर्टमध्ये जपून लिहिलेलं असतं. तुमचे प्रश्न आणि फोटो सुरुवातीलाच द्या.

चांगला माणूस छोट्या हातोडीने प्लास्टर आणि स्लॅबची खालची बाजू ठोकत जातो. घट्ट जागी टणक आवाज येतो, आतून सुटलेलं असेल तिथे पोकळ, ढब असा. लाकडी तुळया, वासे, चौकटी टोकदार वस्तूने टोचून बघतो, खास करून भिंतीत घुसलेली टोकं, कारण लाकूड तिथेच आधी कुजतं. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीने कुजायची भीती असते, त्यासाठी त्याच्याकडे मॉइश्चर मीटर असतो. भिंतीवरून वर चढलेल्या मातीच्या बारीक नळ्या म्हणजे वाळवी, त्या झाडून टाकलेल्या असल्या तरी खुणा राहतात.

बाल्कनीवर वेळ घालवायला सांगा. बाल्कनी एका बाजूनेच घराला धरलेली असते, म्हणून तिची मुख्य सळी स्लॅबच्या वरच्या अंगाला असावी लागते. आणि वरच्या अंगालाच पाणी साचतं. घराच्या भिंतीला लागून, तिला समांतर अशी चीर बाल्कनीच्या फरशीत दिसली तर ती अजिबात हलक्यात घेऊ नका. बाल्कनी बंद करून खोलीत घेतलेली असेल तर त्या विटांचं वजन मूळ डिझाइनमध्ये धरलेलं नसण्याची शक्यता असते हेही विचारा.

फ्लॅट घेत असाल तर फक्त फ्लॅट बघून परत येऊ नका. तुमचा हॉल चकाचक असेल पण खाली पार्किंगमधल्या कॉलमचं काँक्रीट सुटून सळ्या दिसत असतील तर वजन शेवटी त्या कॉलमवरच येतं. खाली सगळं मोकळं पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेले मजले अशी बिल्डिंग भूकंपात खालच्या मजल्याला कमजोर पडते, भूकंपाच्या पट्ट्यात घर असेल तर हा प्रश्न नावानिशी विचारा. गच्ची, पाण्याच्या टाक्या, बाहेरचे डक्ट, जिन्याची खालची बाजू हे सगळं यादीत हवं.

जुने सिमेंटचे नालीदार पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते स्वतः फोडून, घासून बघू नका, त्याचे तंतू श्वासात जाणं घातक आहे. नमुना लॅबला जाऊ दे.

८. चिरांबद्दल थोडं, कारण सगळ्यांची झोप त्यानेच उडते

प्रत्येक चीर वाईट नसते. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने भिंतीच्या चिरांचं रुंदीप्रमाणे वर्गीकरण केलंय, ते जगभर वापरतात. ०.१ मिमीपर्यंत म्हणजे केसासारखी, ती दुर्लक्ष करण्यासारखी. १ मिमीपर्यंत रंगकामात भरून जाते. ५ मिमीपर्यंत सहज बुजवता येते, दारं खिडक्या थोड्या अडकू शकतात. ५ ते १५ मध्ये भिंतीचा थोडा भाग उघडून दुरुस्ती करावी लागते, १५ ते २५ मध्ये भिंतीचे तुकडे काढून परत बांधायला लागतात, आणि २५ च्या वर गेलं की घराला धोका. पण हे वर्गीकरण पाया सरकून विटांच्या, दगडाच्या भिंतींना पडलेल्या चिरांसाठी आहे, काँक्रीटच्या बीम कॉलमला ते लावू नका, तिथे बारीक चीरही गंभीर असू शकते.

रुंदीपेक्षा दिशा आणि जागा जास्त बोलते. साधारण असं:

- विटांच्या सांध्यातून पायऱ्या पायऱ्यांनी तिरकी गेलेली, एका टोकाला रुंद होत जाणारी चीर, ही बहुतेक पाया एका बाजूने बसल्याची. काळी चिकण माती कोरडी पडली की आकसते आणि पाण्याने फुगते, त्यामुळे अशा जमिनीवर ऋतूप्रमाणे चीर उघडते मिटते. जवळचं मोठं झाड आणि फुटका पाइप हे दोन नेहमीचे संशयित.
- जुनं घर आणि नंतर वाढवलेला भाग जिथे जुळतात तिथली उभी चीर. दोन्हींचे पाये वेगवेगळे बसतात. थांबलेली असेल तर फार काळजी नाही.
- कॉलम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावरची सरळ चीर. दोन वेगळे माल उन्हाने वेगळे हलतात, बहुतेक वेळा निरुपद्रवी.
- गच्चीच्या स्लॅबच्या लगेच खाली आडवी चीर. उन्हाने स्लॅब पसरते आकसते त्याची. त्रासदायक, पण घर पडायला लागलंय असं नाही.
- कॉलमवर उभी किंवा बीमच्या खाली लांबीने गेलेली, सळीच्याच रेषेत असलेली चीर, सोबत तपकिरी डाग. ही आत सळी गंजल्याची खूण.
- बीमच्या टोकाजवळ, कॉलमच्या जवळ तिरकी चीर. ही दिसली तर त्याच दिवशी इंजिनियरचं मत घ्या, रिपोर्टची वाट बघू नका.

चीर जुनी आणि थांबलेली आहे का वाढतेय हे एका भेटीत कधी कधी सांगताच येत नाही. मग चिरेवर मोजपट्टी चिकटवून काही महिने निरीक्षण करावं लागतं, मातीचा प्रश्न असेल तर ओला आणि कोरडा दोन्ही ऋतू बघितलेले बरे. विकणारा एवढा थांबणार नाही हे मला मान्य आहे, पण इंजिनियर "मॉनिटरिंग गरजेचं" म्हणत असेल तर ते उगाच म्हणत नाही.

९. टेस्ट कधी करायच्या आणि त्यातून काय कळतं

काँक्रीटचं घर असेल आणि सळी गंजल्याची शंका असेल तरच टेस्टकडे वळा, सरसकट सगळ्या करून घेण्यात अर्थ नाही. मुळात होतं काय, तर चांगल्या काँक्रीटचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, जास्त म्हणजे अल्कली) १२ ते १३ च्या आसपास असतो आणि त्यात सळी सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, पीएच ९ च्या खाली येतो, यालाच कार्बोनेशन म्हणतात, हे सळीपर्यंत पोचलं आणि ओलावा मिळाला की गंज सुरू. गंजाला लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फुटून पोपडे पडतात. समुद्राजवळ खारामुळे हेच लवकर होतं.

कार्बोनेशन टेस्ट: काँक्रीट ताजं फोडून त्यावर फिनॉल्फथॅलीन हे रंग दाखवणारं रसायन मारतात. गुलाबी झालं तर ठीक, रंगच आला नाही तर तितक्या आतपर्यंत कार्बोनेशन झालंय. स्वस्त, पटकन होणारी आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी.

रिबाउंड हॅमर: पृष्ठभाग किती कडक आहे ते बघतात. कार्बोनेशन झालेलं जुनं काँक्रीट वरून जास्त कडक लागतं, म्हणून आकडा चांगला येऊन फसवू शकतो. फक्त या टेस्टवर "काँक्रीट उत्तम" लिहिलेला रिपोर्ट असेल तर प्रश्न विचारा.

अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी: आवाजाची लहर काँक्रीटमधून किती वेगाने जाते ते. नेहमी वापरतात त्या जुन्या वर्गीकरणात सेकंदाला ४.५ किलोमीटरच्या वर उत्तम, ३.५ ते ४.५ चांगलं, ३ ते ३.५ मध्यम, ३ च्या खाली शंकास्पद. स्टँडर्डप्रमाणे हे आकडे थोडे बदलतात, त्यामुळे कुठलं स्टँडर्ड वापरलंय ते रिपोर्टमध्ये असावं.

हाफ सेल पोटेन्शियल: सळीचं व्होल्टेज मोजून गंज चालू असण्याची शक्यता बघतात. एएसटीएम सी ८७६ या अमेरिकन स्टँडर्डप्रमाणे कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण आलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर.

कोअर टेस्ट म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा कापून लॅबमध्ये दाबून बघणं. सगळ्यात खात्रीची, पण मालकाची लेखी परवानगी लागते आणि कुठे कापायचं ते इंजिनियरनेच ठरवायचं, लॅबच्या माणसाने नाही.

१०. ओल

ओल वरून येते, बाजूने येते, खालून चढते किंवा आतच तयार होते, आणि चारींचा इलाज वेगळा. जमिनीतून चढणारी ओल साधारण एक मीटरच्या आसपास थांबते, वरच्या कडेला लोणा, म्हणजे पांढरा खार दिसतो. त्याच्या वर पॅच असेल तर पाइप, खिडकी किंवा छप्पर बघा. कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी असेल तर खोलीतलीच वाफ थंड भिंतीवर जमत असण्याची शक्यता. रिपोर्टमध्ये नुसतं "ओल आढळली, वॉटरप्रूफिंग करावं" असं असेल तर ते अपुरं आहे, पाणी कुठून येतंय हे लिहून मागा.

११. रिपोर्ट कसा वाचायचा

शेवटच्या पानावरचा निष्कर्ष वाचून ठेवून देऊ नका. पहिल्यांदा "हे भाग तपासता आले नाहीत" हा परिच्छेद शोधा. त्याची यादी करा आणि प्रत्येकासमोर लिहा: परत जाऊन बघता येईल का, का ही जोखीम मी घेतोय.

मग प्रत्येक दोषाला चार प्रश्न: कारण काय, वाढतोय का, दुरुस्ती कधीपर्यंत करायला हवी, आणि नाही केली तर काय होईल. कारणाच्या जागी गोल गोल भाषा असेल तर फोन करा. "पुढील तपासणी आवश्यक" हे वाक्य आलं तर ती तपासणी घर घेण्याच्या आधी करायची, नंतर नाही. खूप लोक इथे कंटाळतात, कारण तोपर्यंत पैसे खर्च झालेले असतात आणि मालक मागे लागलेला असतो.

रिपोर्ट वाचून घाबरूनही जाऊ नका. जुन्या घराच्या रिपोर्टमध्ये दोष असणारच, पानंच्या पानं असतील. इंजिनियरला सरळ विचारा, "यातले कुठले दोष असते तर तुम्ही स्वतः हे घर घेतलं नसतं?" आम्हाला या एका प्रश्नाच्या उत्तराने सगळा रिपोर्ट नीट लागला.

१२. रिपोर्ट हातात आल्यावर

दुरुस्तीचा अंदाज इंजिनियरकडून आणि किमान दोन काँट्रॅक्टरकडून घ्या, काँट्रॅक्टरला रिपोर्टची तेवढीच पानं द्या. काम उघडल्यावर वाढतं, त्यामुळे वर थोडी रक्कम सोडून ठेवा. त्यानंतर तुमच्याकडे तीन रस्ते असतात: किंमत कमी करून घेणं, मालकाने व्यवहाराआधी दुरुस्ती करून देणं, किंवा सोडून देणं. माझं मत विचाराल तर पहिला रस्ता दुसऱ्यापेक्षा बरा, कारण विकून निघालेला माणूस दुरुस्ती वरवर करतो आणि तुम्हाला फक्त नवा रंग दिसतो. दुसराच रस्ता धरावा लागला तर काम चालू असताना तुमचा इंजिनियर बघून जाईल आणि बुजवायच्या आधी फोटो मिळतील असं लिहून घ्या.

दुरुस्तीचा क्रम पण कारणापासून. आमच्याकडे आधी ड्रेनेज बदललं, मग थांबून चीर हलत नाही ना ते बघितलं, मग भिंत शिवून घेतली, म्हणजे चिरेच्या दोन्ही बाजू आडव्या सळ्यांनी जोडून घेतल्या. उलटं केलं असतं तर पुट्टीचा तिसरा थर झाला असता.

टोकन आधीच द्यावं लागत असेल तर पावतीवर "सर्वे समाधानकारक नसल्यास पूर्ण परत" हे वाक्य वकिलाकडून नीट लिहून घ्या, तोंडी शब्दावर देऊ नका. आणि व्यवहार लांबला, मध्ये एखादा पावसाळा गेला किंवा शेजारी खोदकाम सुरू झालं, तर सह्या करायच्या आधी इंजिनियरला रिपोर्टमधल्या त्याच जागा पुन्हा एकदा बघून जायला सांगा. सर्वेच्या दिवशी चिरांच्या टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख घालून ठेवली असेल तर ते काम अर्ध्या तासात होतं.